पाणी बघणं

रविवारी सकाळी चपातीचं पीठ मळता मळता, पाठमोऱ्या उभ्यानेच प्रयाग म्हणाली, "बुधवारी पोरीच्या सोयरिकीसाटी तुमी एकलंच जाऊन या तिकडं. आन् जाताय तर पानी बघून या. तुमी चांगलं हाय म्हनला की माजं काय म्हननं न्हाय." जोतीराम तेव्हा गॅलरीत वांग्याच्या कुंडीला पाणी घालत होता. हातातला तांब्या तसाच कलता राहिला, कुंडी भरली, आणि पाणी धारेने तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या कुरडयांच्या वाळवणावर गेलं. खालून बाईंनी आरडाओरडा केला. बारामतीजवळच्या जळोचीतल्या ह्या इमारतीत राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याने कुणाच्या वाळवणावर थेंब पडू दिला नव्हता. तो वाकून "चुकलं वहिनी, चुकलं" म्हणाला आणि तांब्या उराशी धरून खुर्चीत बसला. पाणी बघून या. एवढंच तर म्हणाली होती. पण पस्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकले होते, आणि ते कधीच ऐकावे लागू नयेत अशी त्याची आपली एक गुपचूप प्रार्थना होती.

पाणी बघणं ही तिकडची रीत. तिकडची म्हणजे जिथं कालवा पोचला नाही त्या माळावरची. लग्न जमवताना पोरगा बघायला बायका असतात. पुरुष विहीर बघतात. तेही चैत्रात, कारण श्रावणात कुठलीही विहीर गुणाचीच दिसते. मुलीकडची दोन-चार जाणती माणसं काठावर वाकतात, खडा टाकतात, डुबुक् आवाज यायला किती वेळ लागला ते मनात मोजतात, आणि मग चहा घ्यायचा का नाही ते ठरवतात. चहा घेतला तर सोयरीक पुढं सरकली. एकोणनव्वद सालच्या चैत्रात सुप्याकडच्या त्याच्या गावी कालव्याखालच्या पणदऱ्याहून चार फेटे असेच आले होते. प्रयागचे वडील, अप्पा, पुढं होते. त्यांनी विहीर बघितली, चहा घेतला, पोरगी दिली. विहिरीत पावणेदोन पुरुष पाणी होतं. फक्त ते विहिरीचं नव्हतं.

ते कालव्याचं होतं. जोतीराम त्या वर्षी नुकताच कालव्यावर रोजंदारीला लागला होता आणि कालव्याला उन्हाळी पाळीचं पाणी सुटलेलं होतं. बारामतीच्या लियाकतकडे ट्रॅक्टर आणि पाच हजार लिटरची टाकी होती. लियाकत त्याचा शाळेतला दोस्त. भर दुपारी, सगळं गाव उन्हाने झोपलेलं असताना, दोन दिवसांत दोघांनी सतरा खेपा केल्या. थोरला भाऊ विहिरीवर उभा राहून नळी धरायचा. पाण्याची पहिली धार तापलेल्या दगडावर पडली तेव्हा विहिरीतून वाफ आली होती, आणि वडील काठावर बसून म्हणाले होते, "पी बाई, पी." ते विहिरीला म्हणत होते. सतराव्या खेपेला लियाकत म्हणाला, "जोत्या, मान्सं नवरीला हळद लावत्यात, तू विहिरीला लावाया लागलाय." सगळे पोट धरून हसले. लबाडी करतोय असं त्या दोन दिवसांत कुणाच्या मनाला शिवलं नाही. पाव्हण्यांसमोर घर सारवतात तसंच ते वाटत होतं. लबाडी नंतर समजली, वैशाखात लग्न होऊन प्रयाग घरी आली तेव्हा. खडकाने आठ दिवसांत सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. ती हिरवी साडी नेसून विहिरीपाशी गेली, आत वाकून तिनं बराच वेळ बघितलं, मग मागं फिरून सासूकडून दोन हंडे मागून घेतले आणि दीड मैलावरच्या आडाची वाट विचारली. बोलली एक शब्द नाही. त्या न बोलण्याला जोतीराम आजही घाबरून होता.

तसं पाहिलं तर त्याचं बरंच बरं चाललं होतं. कालव्यावर कायम झाला, पाटकरी म्हणून तीस वर्षं दारं उघडली आणि बंद केली, फावडं खांद्यावर टाकून काठाने इतका चालला की तेवढ्यात माणूस काशीला दोनदा जाऊन आला असता. थोरला ऋषिराज पुण्यात नोकरीला, सून चांगली, धाकटी स्वरूपा शिकून कामाला लागलेली. रात्री पडल्या पडल्या झोप लागत होती. सकाळी चहा, वांग्याला पाणी, दुपारी पेपर, संध्याकाळी लियाकतच्या दुकानासमोरच्या बाकावर गप्पा. सुखाला आणखी काय शिंगं असतात? पण ह्या सगळ्याच्या तळाशी ते सतरा टाक्या पाणी होतं. प्रयाग पेल्यातलं उरलेलं पाणी कधी सांडत नसे, वेगळ्या पातेल्यात जमवून ठेवी; ते पातेलं दिसलं की त्याला वाटे, हिला बागायतातून उचलून आपण माळावर आणलं आणि ही सवय लावली. सांगून टाकावं असं दर दिवाळीला वाटायचं. मग फराळ व्हायचा, पाहुणे यायचे, राहून जायचं.

कालव्याच्या काठाने तीस वर्षं चाललेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. त्या पाण्याच्या रेघेच्या अल्याड आणि पल्याड दोन वेगळी माणसं राहतात. अल्याड ऊस, कारखाना, दुपारची झोप, मोठ्या आवाजातलं बोलणं, पितळी भरून चहा. पल्याड बाजरी, मेंढरं, घाईघाईचं बोलणं आणि बशीत मावेल एवढाच चहा. अल्याडची पोरगी पल्याड देताना आई रडते आणि पल्याडची अल्याड देताना नवस फेडतात. आडनावं एक, देव एक, पण सोयरीक करताना पहिला प्रश्न कालव्याचा. आणि हा कालवा तरी कुठून आला? पावसातूनच, म्हणजे न आलेल्या पावसातून. गोऱ्यांच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंगीसारखी गेली, तेव्हा कुठं हे खोदकाम झालं, असं त्याचे आजोबा सांगत. त्यांना ते त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. जोतीरामला वाटे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ढग कुठं गेले त्यावर आज माळेगावात कुणाच्या दारात चारचाकी उभी आहे ते ठरलंय. आणि पल्याडच्या बत्तीस-पस्तिशीच्या पोरांना बायका का मिळत नाहीत, तेही.

हे तो एकदा स्वरूपाला म्हणाला तेव्हा ती एवढी खूश झाली की तिनं ते वहीत लिहून घेतलं. स्वरूपा पुण्याच्या एका संस्थेसाठी जुन्या तळ्यांचा गाळ तपासायचं काम करते. लोखंडी नळी गाळात ठोकायची, आतून चिखलाची लांब कांडी काढायची, आणि तिच्यातल्या थरांवरून कुठल्या काळात पाऊस किती, कुठली झाडं, कुठलं धान्य, ते ओळखायचं. पोरगी चिखलातून पोथी वाचते, असं तो कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. तीच सांगायची, "आबा, तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या इकडच्या नद्यांच्या काठी गावं होती. चौकोनी, ऐसपैस घरं. कणगी भरून धान्य. मग पाऊस कमी कमी होत गेला, घरं लहान झाली, गोल झोपड्या झाल्या, आणि शेवटी माणसं उठून जनावरांमागं निघून गेली." "कुठं गेली?" त्यानं विचारलं होतं. "कुणास ठाऊक. पांगली." त्या रात्री मात्र त्याला थोडा वेळ झोप लागली नव्हती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावातही कुणी एक जोतीराम असेल, शेवटच्या झोपडीला दार लावणारा. आणि त्याच्या पोराला पोरगी द्यायची का नाही ते कुणीतरी पाण्यात डोकावून ठरवलं असेल, असं त्याला वाटत राहिलं.

अशाच एका आटलेल्या पाझर तलावात नळी ठोकताना स्वरूपाला अविराज भेटला. इंदापूरच्या दक्षिणेला, माळावर वस्ती. नऊ एकर जमीन, सीताफळाची बाग, वीस-बावीस शेळ्या. शेतीचं शिकलेला, कमी बोलणारा. दीड वर्षाने स्वरूपाने घरी सांगितलं. जोतीरामची ना नव्हती. प्रयागचीही नव्हती, पण होही नव्हता. चौथ्या दिवशी, त्या रविवारी, पिठात हात घालून तिनं तो निर्णय नवऱ्याच्या गळ्यात घातला. पोरीचं सगळं आता त्याच्या एका वाक्यावर आलं होतं. आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या वाक्यावर विश्वास ठेवणारी ही बाई, तिला आपणच फसवलेलं.

बुधवारी तो एसटीने इंदापूरला उतरला. अविराज मोटारसायकल घेऊन आला होता. वाटेत तो दोनच वाक्यं बोलला. एक खड्डा आला तेव्हा आणि एक वस्ती आली तेव्हा. उन्हाने माळ पांढरा पडला होता. गेल्या पावसाळ्याने पाठ फिरवलेली. बांधावरच्या बोरीसुद्धा करपलेल्या. वस्तीवर अविराजचे वडील कुंडलिकराव धुवट टोपी घालून उभे होते. सत्तरीचे, काटक. "या पाव्हणं, या. आधी पानी बघू, मग चा," ते म्हणाले, आणि जोतीरामला त्यांचा घाईचा आवाज ऐकूनच बरं वाटलं, कारण त्याचे वडील असेच बोलत. कोणी वाट दाखवायच्या आत तो विहिरीकडे चालू लागला. अविराज मागं, निंबाखाली थांबला.

विहीर जुनी, दगडी बांधणीची. जोतीराम वाकला. पाणी होतं. चांगलं पुरुषभर, वर आलेलं, स्वच्छ, आभाळ दिसत होतं. आणि त्या आभाळावर काड्या तरंगत होत्या. बारीक काटक्या, पिसं, वाळकं गवत. त्याने मान वर केली. निंबावर, विजेच्या तारेवर, पंपाच्या खोपटाच्या पत्र्यावर पारवे बसले होते. वीस असतील. उडत होते, विहिरीवर एक घिरटी घालत होते, आणि पुन्हा येऊन बसत होते. जुन्या विहिरीत पारवे दगडांच्या सांध्यांत घरटी करतात, आणि पाणी उतरेल तशी खाली खाली करतात. पाणी झऱ्याने चढलं तर बोट-दोन बोटं चढतं, पारव्याला बिऱ्हाड हलवायला सवड मिळते. एका दुपारीत पुरुषभर चढलं तर ते टाकीतून आलेलं असतं. जोतीरामला हे माहीत होतं, कारण पस्तीस वर्षांपूर्वी भावाने धान्याच्या चाळणीला काठी बांधून अशाच काड्या गोळा केल्या होत्या, आणि गोळा करून झाल्यावर म्हणाला होता, "काड्या निघाल्या. आता ह्या पारव्यांचं काय करू?"

राग आला का, हे तो स्वतःला विचारत होता, आणि राग सापडत नव्हता. सापडत होती ती लाज, आणि ती कुंडलिकरावांची नव्हती. त्याने मागं वळून बघितलं. अविराज निंबाच्या बुंध्याकडे तोंड करून साल सोलत उभा होता; कान लाल झाले होते. पोराला हे पसंत नव्हतं, आणि बापाला अडवताही आलं नव्हतं. पणदऱ्याचे फेटे आले तेव्हा जोतीराम नेमका कुठं उभा होता? निंब नव्हता तिकडे, बाभूळ होती. तिच्याआड.

"बघा की चाखून," कुंडलिकराव म्हणाले. त्यांनी स्वतःच पोहऱ्याने पाणी शेंदलं, तांब्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. जोतीरामने घोट घेतला. माळाच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, जिभेवर जड बसतं. हे हलकं होतं, थोडं शेवाळाचं, थोडं गाळाचं. धरणाचं पाणी. तीस वर्षं ज्या पाण्याच्या काठाने तो चालला त्याच जातीचं; डोळे बांधून ओळखलं असतं. आणि तो घोट गिळता गिळता त्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अप्पांनीही चाखलं होतं. अशाच दुपारी, असाच तांब्या, वडिलांच्या हातातून. अप्पा म्हणजे पणदऱ्याचा माणूस. जन्मल्यापासून कालव्याचं पाणी प्यालेला, कालव्यात पोहायला शिकलेला. आणि आम्ही त्यांच्यापुढं त्यांच्याच कालव्याचं पाणी धरलं. सतरा खेपा करताना, आम्हा चौघांच्या डोक्यात मिळून एकदाही हे आलं नाही. ज्याचं पाणी त्यालाच पाजलं, आणि फसला म्हणून पस्तीस वर्षं मनाला खात बसलो. अप्पांनी तेव्हा मिशा पुसल्या होत्या, वर पारव्यांकडे बघितलं होतं, आणि म्हणाले होते, "पानी गोड हाय." मग चहा मागितला होता.

अप्पांना कळलं होतं. कळूनही त्यांनी पोरगी दिली. का दिली? घरी जाऊन काय सांगितलं? अप्पा जाऊन वीस वर्षं झाली, विचारायचं कुणाला. कुंडलिकराव त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्या डोळ्यांत मग्रुरी नव्हती, हुशारी तर नव्हतीच. पोराचं वय एकतीस आहे एवढंच होतं. तीन वर्षांत पाच-सात ठिकाणचे लोक ही विहीर बघायला आले असतील आणि चहा न घेता गेले असतील. जोतीरामने मिशा पुसल्या. "पानी गोड हाय, कुंडलिकराव," तो म्हणाला. "चा घेऊ." म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला आणि टोपी काढून पुन्हा घातली, दुसरं काही करायला सुचलं नाही म्हणून. घराकडे जाताना जोतीराम निंबापाशी थांबला. "सीताफळाला पानी किती लागतं रं?" त्यानं अविराजला विचारलं. "लई न्हाय लागत, आबा," पोरगा खाली बघत म्हणाला. "म्हनूनच लावलंय. माळाला सोसंल तेवढंच करायचं, असं मी आन् स्वरूपानं ठरवलंय." मग सालीचा तुकडा खाली टाकून, "इहिरीचं मी..." जोतीरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ते माझ्याकडं हाय."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तो सारखा एकच हिशेब जुळवत होता. सांगायचं म्हणजे दोन विहिरी सांगाव्या लागणार. नाही सांगायचं म्हणजे प्रयागला दुसऱ्यांदा फसवायचं, आणि या वेळी पोरीसकट. आपण चहा घेऊन आलो खरे, पण पोरीचं आयुष्य आपल्या चांगुलपणावर उधळायचं का? भिगवणच्या बाजूला आभाळात कोरडा ढग होता. शेजारची बाई कलिंगडाच्या फोडी खात होती. तिनं त्याला एक दिली. ती खाल्ल्यावर त्याला धीर आला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. प्रयाग ओट्यापाशी होती, तशीच पाठमोरी. पाठ होती ते बरंच झालं. "विहीर भरलेली हाय," तो म्हणाला. "टाकीनं. मुळात कोरडी." तिचा हात थांबला. "आन् आपली बी तशीच व्हती," तो म्हणाला. "लगनाच्या वक्ताला. मी आन् लियाकतनं सतरा खेपा टाकल्या. तुज्या अप्पांना फसवलं आमी." बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं आणि लगेच भीती वाटली. प्रयाग वळली. पदराने हात पुसले, स्टूल ओढलं, बसली.

"फसवलं कुठं," ती म्हणाली. "अप्पांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. आई न्हाय म्हनत व्हती. अप्पा म्हनले, इहीर कोरडी हाय, पन दोन दिस उनाचं पानी वाह्यलंय लेकाच्यांनी. मानसं राबनारी हायती. तुजं तू सांग, जाती का?"

"आन् तू?"

"जाते म्हनलं. आता आले न्हवं का?"

जोतीरामला बसावंसं वाटलं, पण स्टूल एकच होतं. "पस्तीस वर्सं बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तुमी सांगाल म्हनून वाट बघितली," ती म्हणाली. "पैल्यांदा लई राग यायचा, हंडा डोक्यावर असला की. वाटायचं, आज तरी सांगंल. मग पोरं झाली. मग वाटलं, हा मानूस भितोय, भिऊ दे थोडा. पुढं इसरलेच." ती हसली, आणि हसताना तिनं डोळे पुसले. "म्हनूनच तर तुमाला धाडलं. भरलेली इहीर तुमच्यावानी कोन वळखनार? आन् वळखून घरी खरं सांगताय का न्हाय, ते बी बघायचं व्हतं."

तेवढ्यात स्वरूपा आली. चपलांना वाळका चिखल, पाठीवर नळीची पिशवी. दोघांना असं स्वयंपाकघरात बघून ती दारातच थबकली. "काय झालं?" "आबा सांगतील," प्रयाग म्हणाली, आणि ह्या वेळी तिनं पाठ फिरवली नाही. जोतीरामने घसा साफ केला. "अविराजची विहीर कोरडी हाय पोरी. आज होतं ते पानी आनलेलं होतं." स्वरूपाने पिशवी खाली ठेवली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "जानेवारीत मीच दोर सोडून मोजली होती. तळाला नुसती ओल आहे. टाकी आणली ते अविराजनं काल फोनवर सांगितलं. रडायच्या बेतात होता. मी म्हटलं, आबांना जे दिसेल ते दिसू दे." मग तिचा आवाज बारीक झाला. "आबा, तुम्ही अविराजच्या तात्यांना काही बोललात का? चारचौघांत?"

"पानी गोड हाय म्हनलं," जोतीराम म्हणाला. "चा घेतला."

ती उंबऱ्यावर टेकली आणि चपलेचा पट्टा सोडू लागली, पण पट्टा तिला दिसत नव्हता. जोतीराम तिच्यासमोर खाली बसला. साठीच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. तीन हजार वर्षांची गावं, कालवा, आजोबांचा दुष्काळ, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं आणि बाकी एवढंच राहिलं की ही आपली पोरगी आहे आणि तिकडे पाणी नाही. "तिकडं पाऊस धड न्हाय," तो म्हणाला. "पुढं आनखी कमी व्हईल, असं तूच सांगतीस. मान्सं राबनारी हायती, तेवढं मी बघून आलो. तुजं तू सांग. जाती का?"

"जाते," स्वरूपा म्हणाली.

पणदऱ्याच्या घरात, पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी, हा शब्द त्याच्यासाठी म्हटला गेला होता. तेव्हा तो माळावर, दीड मैल लांबच्या आडावर, बैलांना पाणी पाजत होता. त्याला तो ऐकू आला नव्हता. आज त्याने तो ऐकला, आणि मान वर करून प्रयागकडे बघितलं.